नाव कुणाचं, हात कुणाचा?

माझा भाचा पुण्यात मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोचवायचं काम करतो. बी.कॉम. झाला आहे. स्पर्धा परीक्षेच्या नादात दोन वर्षं गेली, मग मोबाईलमध्ये ॲप घेतलं आणि पाठीला बॅग लावली. ताडीवाला रोडवरून सकाळी अकराला निघतो तो रात्री साडेबाराला घरी परततो. मध्यंतरी जेवताना मी त्याला सहज विचारलं, "काय रे, लोक सगळ्यात जास्त काय मागवतात?" तो म्हणाला, "बिर्याणी आणि बर्गर." मी म्हटलं, "मग पुण्यात चांगला बर्गर कुठं मिळतो?" तो हसला. "मामा, मला काय विचारता? दोन वर्षं बर्गर पाठीवर वाहतोय. नुसत्या वासावरून कुठल्या हॉटेलचा ते सांगेन. चव नाही माहीत."

तो घास काही माझ्या घशाखाली उतरला नाही. त्याच रात्री ठरवलं. पुढचे रविवार मामा-भाचे मिळून बर्गर खायचा. घरी मागवून नाही, हॉटेलात जाऊन, टेबलावर बसून. पैसे माझे. आणि शहरातला उत्तम बर्गर कुठला याचा निकाल लावायचा. हा लेख म्हणजे त्या रविवारांचा हिशेब.

काही वाचक म्हणतील, समाजापुढे प्रश्न काय थोडे आहेत म्हणून चळवळीच्या दैनिकात बर्गरची चर्चा? प्रश्न थोडे नाहीत, हे खरं. पण ज्या समाजाला पाण्याच्या एका घोटासाठी महाडच्या तळ्यावर जावं लागलं, त्याने तरी खाण्यापिण्याच्या गोष्टीला किरकोळ म्हणू नये. संविधानाचं कलम १५(२) काढून वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांत प्रवेश करण्यापासून धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणालाही रोखता येणार नाही, असं तिथे स्वच्छ म्हटलं आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात तर हॉटेलातली भांडी वापरू न देणं हासुद्धा गुन्हा आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेल हा शब्द का यावा लागला, हे ज्याला कळलं त्याला या लेखाचं कारणही कळेल.

त्यात हे शहर पुणे. याच शहरात १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. याच शहरात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचं निमित्त झालं आणि न्यायमूर्ती रानडे, टिळक यांच्यासारख्या पुढाऱ्यांवर धर्म बुडवल्याचा गहजब झाला. प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. आणि फार जुनं कशाला, २०१७ साली याच शहरात एका उच्चशिक्षित बाईंनी पोलिसांत तक्रार दिली की, स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईने जात लपवून आमचं सोवळं मोडलं. तक्रार नंतर मागे घेतली गेली. पण लिहून घेतली गेली होती, हे विसरू नका.

आता बर्गर म्हणजे काय ते थोडक्यात. खिम्याची चपटी टिक्की, म्हणजे पॅटी, तव्यावर भाजायची आणि पावात घालून द्यायची. नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलं, वाढला तो अमेरिकेत. कामगाराला उभ्या उभ्या एका हाताने खाता यावं असं हे खाणं. १९२१ पासून तिथे बर्गरच्या दुकानांच्या साखळ्या निघू लागल्या, आणि १९४८ साली मॅकडोनाल्ड बंधूंनी कारखान्यासारखी कामाची वाटणी करून तो अर्ध्या मिनिटात हातात देण्याची पद्धत बसवली. म्हणजे बर्गर मुळात कष्टकऱ्याचा वडापावच. आपल्याकडे मात्र तो उलट्या दाराने, साहेबांचं खाणं म्हणून आला.

पहिला रविवार मॉलमधल्या परदेशी साखळीत गेला. असल्या साखळ्यांपैकी मॅकडोनाल्ड्स भारतात १९९६ साली आली, तेव्हा तिने गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही वगळलं, शाकाहारी-मांसाहारी किचन वेगळी केली आणि बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर काढला. अमेरिकेचा बर्गरसुद्धा या देशात पाय ठेवताना आधी सोवळंओवळं विचारून घेतो! चवीबद्दल सांगायचं तर पाव मऊ, कोंबडीची पॅटी कुरकुरीत, आणि सगळं मुंबईत, नागपुरात, दिल्लीत लागतं तसंच. जिभेला लक्षात राहील असं काही नाही.

पण भाचा एक गोष्ट बोलला ती लिहिली पाहिजे. तो म्हणाला, "मामा, आमच्या वस्तीतली पोरं इथेच का येतात माहितीये? इथे आडनाव सांगावं लागत नाही. टोकन नंबर असतो." मी इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावर वस्तीतली वाटावीत अशी चार पोरं वाढदिवस करत होती. कुणी त्यांच्याकडे वळून पाहत नव्हतं. भांडवलदारांनी ही समता काही प्रेमापोटी दिलेली नाही, गल्ल्यासाठी दिली आहे. तरी ज्याला पिढ्यान् पिढ्या नाव सांगताच बाहेर बसवलं गेलं, त्याला नंबर होणंही सुखाचं वाटतं. आपण मोठे लोक या पोरांना 'चंगळवादी' म्हणतो, तेव्हा हे लक्षात घेत नाही.

दुसरा रविवार कॅम्पात. १८१७-१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि शहराच्या पूर्वेला इंग्रजांची छावणी वसली. पेठांचे नियम इथे चालत नव्हते. पारशी, इराणी, मुसलमान, गोव्याचे ख्रिश्चन, साहेबांकडे खानसामा-बटलरची नोकरी करणारे आपले लोक, सगळे या छावणीच्या आसऱ्याने राहिले. अस्पृश्यांना पुन्हा सैन्यात घ्या म्हणून सरकारला अर्ज करणारे आणि १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढणारे शिवराम जानबा कांबळे पुण्याचेच. पाव, बिस्किटं, खिमा, कटलेट हे सगळं या भागाच्या अंगवळणी पडलेलं. म्हणून पुण्याचा खरा स्थानिक बर्गर शोधायचा तर कॅम्पातच शोधावा लागतो.

तिथल्या 'बर्गर किंग' नावाच्या हॉटेलाची गोष्ट वाचकांना माहीत असेल, नसेल तर माहीत असावी. एका इराणी दांपत्याने १९९२ पासून हे नाव लावून धंदा केला. त्याच नावाची अमेरिकन कंपनी जगात १९५४ पासून होती, पण भारतात तिचं पहिलं हॉटेल उघडलं २०१४ साली. त्याआधीच, २०११ मध्ये, कंपनीने पुण्याच्या कोर्टात दावा लावला की आमचं नाव काढून टाका. तेरा वर्षं खटला चालला. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. हे हॉटेल तुम्ही भारतात येण्याच्या आधीपासून हे नाव वापरत आहे, असं सांगितलं. कंपनी उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाव वापरू नका असा हंगामी आदेश झाला. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. जगभर हजारो दुकानं असलेल्या कंपनीला पुण्यातल्या एका हॉटेलाच्या पाटीची एवढी धास्ती का? कारण पाटी म्हणजेच पैसा. पॅटी कुणीही करील. नाव ज्याचं, गल्ला त्याचा. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे कामाला येईल.

कॅम्पात आम्ही दोन-तीन जुन्या ठिकाणी खाल्लं. इकडच्या बर्गरची पॅटी अमेरिकन पद्धतीची नसते. तिच्यात कांदा, आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, पावाचा चुरा असतो. खरं तर ते इराणी-पारशी वळणाचं कटलेटच, पावात शिरलेलं. मला ते आवडलं. गर्दी विद्यार्थ्यांची, बोलणं मोठ्या आवाजात, आणि कुणी कुणाच्या ताटात डोकावत नाही. मात्र इराणी-पारशांचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. बडोद्याला पारशांच्याच पथिकाश्रमातून बाबासाहेबांना काठ्या घेऊन आलेल्या पारशांनी बाहेर काढलं होतं. बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणून अमुक समाज चांगला आणि तमुक वाईट असा हिशेब मी मांडत नाही. दार उघडं आहे की नाही, एवढंच विचारतो.

इथे मांसाचा विषय टाळून चालणार नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हशीच्या मांसाला मात्र मुभा आहे. म्हणून आज इंग्रजी मेनूत ज्याला 'बफ' म्हणतात ते म्हशीचं. आपल्या आया ज्याला 'मोठ्याचं' म्हणायच्या तेच. हे मांस कमी चरबीचं. खिमा कोरडा पडतो, म्हणून मुरलेला आचारी त्यात चरबी वेगळी मिसळतो, तवा चांगला तापू देतो आणि पॅटी उलथन्याने दाबत नाही. दाबली की रस तव्यावर जातो आणि गिऱ्हाइकाला चोथा मिळतो.

महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं, हे आपल्याला पाठ आहे. पण १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनीच गोमांसाचा आणि अस्पृश्यतेचा संबंध इतिहासातून उलगडून दाखवला, तो आपण कमी वाचतो. त्यांनी लाचारीचं खाणं सोडायला सांगितलं. आपण खातो त्याची लाज बाळगायला सांगितलं नव्हतं. आज आपल्यातलीच नोकरदार कुटुंबं सोसायटीत फ्लॅट घेताना "आम्ही व्हेज आहोत हो" असं आपण होऊन सांगतात. खरोखर शाकाहारी असाल तर आनंद आहे. पण भाड्याच्या करारासाठी आजीच्या चान्यांचा वास नाकारणं, याला शाकाहार म्हणत नाहीत.

तिसरा रविवार. शहराच्या पश्चिमेकडच्या उंच इमारतींच्या भागातलं एक नवं कॅफे. नाव लिहीत नाही. भाचा म्हणाला होता, "मामा, तिथल्या पिशवीचा वास आला की भूक लागते." त्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. दारातून आत गेलो तर काउंटरवरच्या पोराने त्याला ओळखलं आणि म्हणाला, "ऑर्डर नंबर बोल. आणि रायडरने मागच्या दारानं यायचं, सांगितलंय ना?" भाचा एक क्षण गप्प झाला. मग शांतपणे म्हणाला, "आज ऑर्डर न्यायला नाही आलो. द्यायला आलोय. दोघांचं टेबल द्या." ते पोरगं ओशाळलं. त्याचा दोष फार नव्हता. त्याला वरून तसंच सांगितलेलं. मॅनेजर आले, "सॉरी सर" मला म्हणाले. भाच्याला नाही.

मार्च २०२४ मध्ये झोमॅटो कंपनीने शुद्ध शाकाहारी लोकांसाठी वेगळे डिलिव्हरी कामगार आणि त्यांना हिरवा वेश जाहीर केला होता. इतका गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी हिरवा वेश मागे घ्यावा लागला. मागचं दार, वेगळी लिफ्ट, वेगळा रंग. प्रत्येक वेळी कारण नवं असतं: स्वच्छता, सुरक्षा, गर्दी, ग्राहकांच्या भावना. विटाळ हा शब्द कुणीच उच्चारत नाही. भाच्याला त्या दिवशी जात विचारून मागच्या दाराला पाठवलं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या आजोबांनी गावात मागच्या दाराशी उभं राहून ओंजळीत पाणी घेतलं, त्याला मागचं दार दाखवलं की ते नुसतं दार राहत नाही.

आणि आता अडचणीची गोष्ट सांगतो. या चार रविवारांतला सगळ्यात चविष्ट बर्गर आम्ही तिथेच खाल्ला. पॅटीला बाहेरून खरपूस पापुद्रा, आतून रसदार. पाव लोण्यात भाजलेला, कांदा तव्यावर काळा होईपर्यंत परतलेला. तीनशे ऐंशी रुपये. अपमान झाला म्हणून चव वाईट होती असं लिहिलं असतं तर लेख सोपा झाला असता, पण ते खोटं झालं असतं.

आम्ही बिल देत होतो तेवढ्यात किचनमधून एक पोरगा कपाळाचा घाम पुसत बाहेर आला आणि भाच्याला म्हणाला, "जय भीम! आज टेबलावर? कसा झाला होता?" तव्यावर तोच होता. येरवड्याचा. सहा वर्षांपूर्वी भांडी घासायला लागला, आता पॅटीचं मिश्रण त्याच्याच हातचं. पगार सोळा हजार. भिंतीवर परदेशात शिकून आलेल्या 'शेफ'चा फोटो. म्हणजे शहरातला उत्तम बर्गर आमच्याच पोराच्या हातचा होता, आणि मॅनेजरचं "सॉरी" ऐकायला मी पाचावर दहा पैसे ठेवल्यासारखं बिल भरत होतो!

चौथ्या रविवारी आम्ही हॉटेलात गेलोच नाही. दुपारी तीन ते सहा त्या पोराला मोकळीक असते. त्याने घरी बोलावलं. आईच्या लोखंडी तव्यावर, बेकरीच्या लादीपावात त्याने बर्गर करून वाढला. खरं सांगायचं तर कॅफेपेक्षा थोडा कमी पडला. तो स्वतःच म्हणाला, "घरचा गॅस कमी पडतो, मामा. पाव पण गोडसर लागतो. शेगडी मोठी पाहिजे." त्याचा हिशेब तयार होता. हातगाडी, शेगडी, डीप फ्रीजर, सुरुवातीचा माल मिळून दीड लाख. बर्गर नव्वद रुपयांना. लोकांना तीनशे ऐंशीची चव नव्वदीत.

मी म्हटलं, मग अडलंय कुठं? मला वाटलं पैशाचं सांगेल. पैशाच्या वाटा त्याला माहीत होत्या. मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत आणि किशोर गटात पाच लाखांपर्यंत कर्जाची सोय, महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ, पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा, सगळं त्याने वाचलेलं. तो वेगळंच बोलला. "मामा, गाडीवर बाबासाहेबांचा फोटो लावू का नको, तेच ठरत नाही. लावला तर गिऱ्हाईक तुटेल का? नाही लावला तर आईच्या डोळ्यांत कसा बघू?"

मी नेहमीसारखं भाषण ठोकणार होतो. स्वाभिमान, इतिहास वगैरे. पण थांबलो. माझी पेन्शन चालू आहे. माझ्या गल्ल्यावर कुणाची नजर नाही. दुसऱ्याच्या पोटावर आपला स्वाभिमान मिरवणं सोपं असतं.

मग मला गंगाराम कांबळे आठवले. कोल्हापूरच्या दरबारात नोकरीला असताना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांच्या मदतीने त्यांनी भर वस्तीत 'सत्यसुधारक हॉटेल' काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराजांनी गंगारामांना धीर धर म्हणून उपदेश केला नाही. ते स्वतः त्या हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा मागवू लागले, आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. पाटी गंगारामांची होती. ती टिकवण्याचं काम चहा पिणाऱ्याने केलं.

आपल्याला नेमकं हेच जमत नाही. आपण पाटी लावणाऱ्याकडून हिमतीची अपेक्षा करतो आणि चहा दुसरीकडे पितो. दलित उद्योजकांची डिक्की ही संस्था २००५ साली पुण्यातच उभी राहिली. मोठ्या उद्योगांची चर्चा होते, व्हायला हवी. पण गल्लीतल्या आपल्या पोराच्या गाडीवर आपण जातो का? आणि गेलो तर "आपलाच आहे" म्हणत उधारी ठेवतो, दोन जास्तीचे मागतो, वर "मीठ कमी होतं" असं चौकात सांगतो. उडप्याच्या हॉटेलात मात्र निमूट रोख देऊन टीपही ठेवतो. पुणे-मुंबईत किती जयंती मंडळं आहेत! जयंतीच्या खर्चातून एका दिवसाचा नाश्ता जरी प्रत्येकाने आपल्या माणसाच्या गाडीवरून रोख पैसे देऊन मागवला, तर फोटो लावू की नको हा प्रश्न त्या पोराला पडणार नाही. फोटोमुळे दहा गिऱ्हाइकं तुटतील आणि फोटोमुळेच वीस येतील, एवढी खात्री त्याला आपण द्यायची आहे. तोवर त्याने फोटो गाडीवर लावावा की खिशात ठेवावा, हे त्याच्यावर सोडा. त्याबद्दल त्याला गद्दार ठरवायचा अधिकार, त्याच्याकडे एकदाही न जेवलेल्याला नाही.

तर निकाल असा. चवीचा पहिला नंबर त्या कॅफेचा. तो मी कॅफेच्या पाटीला देत नाही, तव्यावरच्या हाताला देतो. बसण्याच्या मोकळेपणाचा पहिला नंबर कॅम्पाचा. नव्वद रुपयांच्या बर्गरचा नंबर अजून लागायचा आहे. अमेरिकेची कंपनी एका पाटीसाठी तेरा वर्षं कोर्टात भांडते. आपली पाटी अजून रंगवायचीच आहे.

परवा भाच्याला म्हटलं, "गाडी सुरू झाली की तुझ्या ॲपवर पण टाकायला सांगू. पहिली ऑर्डर तूच पोचव." तो म्हणाला, "नाही मामा. पहिली ऑर्डर मी पोचवणार नाही. स्टूल टाकून तिथेच बसून खाणार. रोख देऊन."